सांधा कोणाचा? दिंडोरी रस्त्यावरील एका शीतगृहाच्या उभारणीत दोन कंपन्यांची भागीदारी

नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत द्राक्ष निर्यातीसाठी एक पॅकहाउस आणि त्याला जोडून पूर्वशीतनाच्या (साठवण्याआधी माल झटपट थंड करण्याच्या) व साठवणुकीच्या खोल्या उभारण्याचे काम दोन कंपन्यांनी मिळून घेतले होते. त्यांपैकी एक नाशिकमधीलच, पाया, फरशी, भिंती आणि रस्ते अशी बांधकामे करणारी. दुसरी पोलादी सांगाडा कारखान्यात तयार करून जागेवर उभा करणारी आणि पफ पॅनलच्या, म्हणजे आत उष्णतारोधक फोम भरलेल्या तक्त्यांच्या, खोल्या बसवून देणारी. मालक होता द्राक्ष उत्पादकांचा एक समूह, आणि त्याच्या वतीने कामावर देखरेख करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. पक्षांची नावे येथे देण्याचे कारण नाही. पहिलीला स्थापत्य कंपनी आणि दुसरीला सांगाडा कंपनी म्हटले म्हणजे पुरे.

या कामाची मुदत करारात लिहिलेली होती, पण ती खऱ्या अर्थाने वेलींनी ठरवलेली होती. आपल्याकडे द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी माल काढणीला येतो. निर्यातीचा घड तोडल्यावर काही तासांतच त्याच्या गरातील उष्णता काढून घ्यावी लागते आणि त्याला शून्य ते एक अंश सेल्सिअसच्या आसपास नेऊन ठेवावे लागते. तसे न झाल्यास देठ वाळतो आणि युरोपच्या बंदरावर पेटी उघडली जाते तेव्हा त्या मालाची किंमत उरत नाही. म्हणजे जानेवारीत खोल्या चालू झाल्या नाहीत, तर ती इमारत पुढच्या जानेवारीपर्यंत निव्वळ एक मोठी रिकामी शेड ठरणार होती. मे महिन्यात कार्यादेश निघाला तेव्हा हे सर्वांना ठाऊक होते.

दोन कंपन्यांमधील आपसातील करार चौदा पानांचा होता. त्यातील बहुतेक पाने रकमेची वाटणी, बँक हमी, विमा, अनामत रक्कम आणि लवाद यांना दिलेली होती. कामाच्या वाटणीसाठी अर्धे पान होते: पायाचे व जमिनीचे काम स्थापत्य कंपनीचे, सांगाडा व पॅनल सांगाडा कंपनीचे. अँकर बोल्टबद्दल, म्हणजे खांब पायाला जखडणाऱ्या बोल्टांबद्दल, एकच वाक्य होते, की ते सांगाडा कंपनी पुरवील आणि स्थापत्य कंपनी बसवील. ते योग्य जागी बसले आहेत की नाही हे कोणी पाहायचे, याबद्दल एक शब्दही नव्हता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्या बोल्टांची गत झाली.

मालकाच्या दृष्टीने मात्र दार एकच होते. मुख्य करारात दोन्ही कंपन्यांनी संयुक्त व वैयक्तिक जबाबदारी स्वीकारली होती, म्हणजे कोणाच्याही हातून चूक झाली तरी संपूर्ण भरपाई मालक दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकत होता. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २५ मध्ये भागीदारांवर अशीच जबाबदारी टाकलेली आहे. येथे भागीदारी संस्था नोंदवलेली नसली तरी करारानेच ती ओढवून घेतली होती. मोठ्या निविदांमध्ये ही अट सर्रास असते आणि कंत्राटदार ती वाचून सोडून देतात. माझ्या मते ती वाचल्यावर दुसरा प्रश्न लगेच पडायला हवा: बाहेरच्याला आपण एक आहोत असे सांगितले आहे, तर आत आपण किती एक आहोत?

पाऊस लागण्यापूर्वी खोदाई झाली. वर चार-पाच फूट काळी माती, खाली मुरूम आणि काही खड्ड्यांत लगेच लागलेला काळा पाषाण, असा दिंडोरी भागातला नेहमीचा अनुभव. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे सर्व फुटिंग (खांबांखालचे पाये) मुरमात किंवा खडकात नेणे भाग होते. ते काम स्थापत्य कंपनीने उत्तम केले. ऑगस्टअखेर पेडेस्टल, म्हणजे खांब ज्यांवर उभे राहतात ते काँक्रीटचे ठोकळे, ओतून झाले, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगाड्याचे पहिले तीन ट्रेलर आले, आणि पूर्वेकडील गेबल (उतरत्या छताच्या टोकाच्या) भिंतीचा पहिला खांब हायड्रा क्रेनने उचलून बोल्टांवर सोडताना तो बसेना.

हा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. पेडेस्टलच्या माथ्यावर चार बोल्ट ताठ उभे होते, आट्यांना ग्रीस लावून वर पॉलिथिन गुंडाळलेले, म्हणजे बसवणाऱ्याने काळजी घेतलेली दिसत होती. मध्यापासून मध्यापर्यंत मोजले तर एका दिशेला १५० मिलिमीटर आणि दुसऱ्या दिशेला २०० मिलिमीटर अंतर अगदी काटेकोर होते. खांबाच्या तळाच्या बेसप्लेटवरील छिद्रेही १५० आणि २०० चीच होती, फक्त दिशा नव्वद अंशांनी फिरलेली. त्यामुळे प्रत्येक बोल्ट आपल्या छिद्रापासून दोन्ही दिशांना २५ मिलिमीटरने चुकत होता, आणि नकाशावर सवलत होती अवघ्या तीन मिलिमीटरची. सहा खांब, चोवीस बोल्ट, सगळे सारखेच. मुकादम म्हणाला, ‘साहेब, गॅसने तापवून वाकवून घेऊ, तासाभराचं काम आहे.’ त्याला थांबवावे लागले. हे बोल्ट उष्णतेची प्रक्रिया करून ताकद आणलेल्या उच्च प्रतीच्या पोलादाचे होते. ते पुन्हा लाल होईपर्यंत तापवले असते तर वाकले असते खरे, पण ती ताकदही गेली असती, आणि गेलेली दिसलीही नसती.

चूक कोणाची, याचे उत्तर दोन्ही कंपन्यांकडे तयार होते आणि दोन्ही उत्तरे खरी होती. बोल्ट बसवण्याचा साचा स्थापत्य कंपनीने नकाशाच्या दुसऱ्या आवृत्तीवरून बनवला होता, कारण ‘बांधकामासाठी योग्य’ असा शिक्का असलेली तीच शेवटची आवृत्ती त्यांच्या दप्तरी होती. दरम्यान, कंटेनर लावायच्या मोठ्या दरवाजाच्या रुळाला आधार मिळावा म्हणून त्या भिंतीच्या खांबांची दिशा फिरवण्यात आली होती, आणि तो बदल दाखवणारी तिसरी आवृत्ती सांगाडा कंपनीने जुलैमधल्या एका रविवारी स्थापत्य कंपनीच्या साइट अभियंत्याला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. त्याने त्यावर अंगठ्याचे चिन्ह पाठवले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याची बदली सिन्नरच्या कामावर झाली. ‘शिक्का नसलेला नकाशा आम्ही जमिनीवर उतरवत नाही,’ असे एका बाजूचे म्हणणे. ‘तुमच्या अभियंत्याने अंगठा दिला आहे,’ असे दुसऱ्या बाजूचे. पुढचे नऊ दिवस हायड्रा जागेवर उभी राहिली आणि दोन्ही बाजूंनी कागदी घोडे नाचत राहिले. दुरुस्तीचा जो अंदाज नंतर निघाला, त्याच्या कितीतरी पटींचे दावे त्या पत्रांतून एकमेकांवर लागले होते.

मला खटकत होते ते वेगळेच. ज्या कंपनीचे नकाशा-दप्तर एरवी साध्या वॉशरच्या बदलालाही शिक्का मारून तीन प्रती पाठवते, तिने खांब फिरवल्याचा बदल नुसता फोनवर का पाठवावा? पहिल्या संयुक्त बैठकीत तिसऱ्या तासाला, सगळ्यांचा आवाज बसल्यावर, याचे उत्तर बाहेर आले. मालकाकडून येणारी देयके आघाडीची भागीदार म्हणून स्थापत्य कंपनीच्या खात्यात जमा होत आणि तिने सात दिवसांत सांगाडा कंपनीचा वाटा पुढे द्यायचा, असे ठरले होते. जूनमधील चालू देयकाची रक्कम आली तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या घाईची रेडी मिक्सची आणि सळईची बिले थकलेली होती. स्थापत्य कंपनीने आधी ती भागवली आणि भागीदाराचा वाटा पाच आठवड्यांनी दिला. त्या पाच आठवड्यांत सांगाडा कंपनीच्या वरिष्ठांनी आपल्या दप्तराला तोंडी सांगून ठेवले होते, की पैसे येईपर्यंत शिक्का मारू नका. कामाची गती बिघडू नये म्हणून कनिष्ठांनी नकाशा अनौपचारिकपणे पाठवून दिला. अडवणूकही झाली नाही आणि कळवणेही झाले नाही. हे कोणत्याही पत्रात कधी आले नसते, कारण दोघांनाही त्यात लाज होती. बोल्ट २५ मिलिमीटरने चुकले ते साच्यामुळे, आणि साचा चुकला तो पाच आठवड्यांमुळे.

कंपन्यांनी एकत्र येऊन काम करण्याची ही पद्धत आपल्याकडे बहुधा निविदेची पात्रता जुळवण्यापुरतीच वापरली जाते. एकाकडे उलाढाल असते, दुसऱ्याकडे अनुभवाचा दाखला असतो, दोन्ही जोडून अर्ज भरला जातो आणि काम मिळाल्यावर आपापले तुकडे करून घेतले जातात. अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कंत्राटदारांशी जी सहकार्याची पद्धत सुरू केली, तिचा उगम दावे आणि खटले यांच्या कंटाळ्यातून झाला होता. कामाच्या आरंभीच सर्वांनी एकत्र बसून उद्दिष्टे आणि तंटा सोडवण्याच्या पायऱ्या ठरवायच्या, हा तिचा गाभा होता. ब्रिटनमध्ये १९९४ साली सर मायकेल लेथम यांच्या आणि १९९८ साली सर जॉन ईगन यांच्या अहवालांनी तोच विचार पुढे नेला. उत्तर समुद्रातील अँड्र्यू तेलक्षेत्राच्या कामात तर तेल कंपनी आणि तिचे कंत्राटदार यांनी बचत व तोटा दोन्ही ठरलेल्या प्रमाणात वाटून घेण्याचे मान्य केले, आणि १९९६ साली ते काम नियोजित वेळेच्या सुमारे सहा महिने आधी व अंदाजापेक्षा कमी खर्चात उत्पादनाला लागले. बैठकीत मी हे थोडक्यात सांगितले. सांगाडा कंपनीचे संचालक हसून म्हणाले, ‘समुद्रातलं राहू द्या, आधी माझा वाटा कोणत्या तारखेला मिळणार ते सांगा.’ ते बरोबर होते, आणि सुरुवात तिथूनच झाली.

पैशाचा मार्ग आधी बदलला. मालकाने बँकेत स्वतंत्र खाते उघडून त्यातून दोन्ही कंपन्यांच्या मंजूर मोजमापाप्रमाणे रक्कम परस्पर दोन खात्यांत जावी, अशी स्थायी सूचना दिली. यात स्थापत्य कंपनीची थोडी प्रतिष्ठा गेली असे तिला वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. पण ज्या दिवशी पहिली रक्कम अशी वाटली गेली, त्याच दिवशी सांगाडा कंपनीकडून प्रलंबित असलेले सर्व नकाशे शिक्क्यासह आले.

बोल्टांचा निकाल त्याच आठवड्यात लागला. सहापैकी चार खांबांना मोठ्या आकाराच्या नव्या बेसप्लेट जोडून त्यांना जुन्या बोल्टांच्या जागी छिद्रे पाडण्यात आली; दरवाजाच्या दोन बाजूंचे खांब जाड असल्याने त्यांची फ्लँज (खांबाची रुंद कडेची पट्टी) नटच्या आड येत होती, म्हणून तिथे पेडेस्टलचा माथा फोडून, सळया मोकळ्या करून नवे बोल्ट बसवावे लागले. प्रत्येक पर्याय संरचना अभियंत्याने आकडेमोड करून मंजूर केला. दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, थांबलेल्या हायड्राचे भाडे सांगाडा कंपनीचे, आणि मालकाकडून दहा दिवसांची मुदतवाढ, असे ठरले. माझ्या मते दोष सांगाडा कंपनीचा अधिक होता, कारण बदल तिचा होता आणि तो पोहोचवण्याचे कर्तव्यही तिचे होते. पण हिशेब अचूक लावण्यात आणखी दोन आठवडे घालवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

खरे काम त्यानंतरचे. दोन्ही कंपन्यांचे साइट अभियंते, संरचना अभियंता आणि मी असे चौघे एक पूर्ण दिवस नकाशे पसरून बसलो आणि जिथे एका कंपनीचे काम संपून दुसरीचे सुरू होते अशी प्रत्येक जागा शोधून काढली. एकूण एकोणीस जागा निघाल्या. आम्ही तिला ‘सांध्यांची यादी’ म्हणू लागलो. प्रत्येक सांध्यापुढे एका कंपनीचे नाव धनी म्हणून आणि दुसरीचे तपासनीस म्हणून लिहिले. ‘दोघे मिळून’ हा शब्दप्रयोग यादीत वापरायचा नाही, असा नियम केला. तपासनिसाची सही झाल्याशिवाय पुढचे काम नाही. मतभेद झाला तर साइट अभियंत्यांना दोन दिवस, मग संचालकांना तीन दिवस, आणि तरीही सुटला नाही तर आधीच नेमलेल्या तटस्थ अभियंत्याचा निर्णय दोघांनी तूर्त पाळायचा; तोवर एकमेकांना पत्र लिहायचे नाही.

सांध्यावर चूक झाली तर खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नावर मात्र वाट अडली. पहिली सूचना अशी होती, की दोन्ही कंपन्यांनी नफ्याचा काही भाग एका सामाईक निधीत टाकावा आणि शेवटी उरेल तो वाटून घ्यावा. स्थापत्य कंपनीच्या सनदी लेखापालांनी तिला हरकत घेतली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ७ मार्च २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ७/२०१६ नुसार अशा संयुक्त कंत्राटातील सदस्यांवर ‘व्यक्तींचा समूह’ म्हणून वेगळी करआकारणी होत नाही, परंतु त्यासाठी प्रत्येक सदस्याने आपल्या वाट्याचे काम आपल्या साधनांनी व आपल्या जोखमीवर करावे लागते, नफा-तोटा आपापल्या कामापुरताच राहावा लागतो, माणसे व सामग्री ज्याची त्याच्या ताब्यात असावी लागतात, आणि व्यवस्थापन एकत्रित नसून केवळ समन्वयापुरते सामाईक असावे लागते. नफा एका भांड्यात टाकला की हा आधार डळमळतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे बांधकामाच्या दृष्टीने जितके जवळ यावे तितके कराच्या दृष्टीने दूर राहावे, अशी ही गंमत आहे. शेवटी सामाईक निधीची कल्पना सोडून दिली आणि असे ठरले, की यादीतील सांध्यावर दोष निघाल्यास धनी कंपनीने सत्तर टक्के आणि सही करणाऱ्या तपासनीस कंपनीने तीस टक्के खर्च सोसावा. तपासणी हे तपासनिसाचे स्वतःचे काम, त्यातील चुकीची जोखीम त्याची स्वतःची, आणि नफ्याला कोणी हात लावत नाही. या मांडणीला लेखापालांनी मान्यता दिली.

तीस टक्क्यांचा परिणाम मला अपेक्षेपेक्षा लवकर दिसला. शीतखोल्यांच्या जागी काँक्रीटची फरशी बाकीच्यापेक्षा १५० मिलिमीटर खाली ठेवायची होती, म्हणजे वर उष्णतारोधक थर आणि त्यावरची झीज सोसणारी फरशी बसल्यावर सगळी पातळी एक होऊन ट्रॉली अडखळत नाही. या सांध्याचा धनी स्थापत्य कंपनी, तपासनीस सांगाडा कंपनी. ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी सांगाडा कंपनीचा तरुण पर्यवेक्षक ऑटो लेव्हल हे पातळी मोजण्याचे यंत्र घेऊन आला आणि प्रत्येक खोलीत पाच ठिकाणी वाचन घेऊ लागला. दुसऱ्या खोलीत शटरिंगची पातळी वीस मिलिमीटरने वर निघाली. पूर्वी तो हे पाहायला आलाच नसता, आणि आला असता तरी गप्प राहून पुढे जादा कामाचे बिल लावले असते. त्या रात्री दहापर्यंत शटरिंग उतरवले गेले आणि सकाळी आठला पहिला मिक्सर आला.

ऑक्टोबरमध्ये मजुरांची ओढाताण झाली, ती यादीत नव्हती. पेठ आणि सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या छाटणी व त्यानंतरच्या डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) व विरळणीच्या कामांसाठी बागांत गेल्या, आणि दिवाळीने उरलेले गावी नेले. स्थापत्य कंपनीने आपली कायमची बारा माणसे पॅनल उतरवून रचण्यासाठी सांगाडा कंपनीला दिली. त्यांची मजुरी रोजच्या हजेरीप्रमाणे लावली आणि तिचे स्वतंत्र देयक काढले, लेखापालांच्या सूचनेप्रमाणे. पंधरा दिवस असेच चालले.

सर्वांत मोठा फटका बसला तो विसाव्या सांध्यावर, जो यादीत नव्हताच. उच्चदाब वीजजोडणी मिळवणे हे मालकाचे काम होते आणि रोहित्राचा ओटा व केबलची चर हे स्थापत्य कंपनीचे. ओटा कोणत्या जागी हवा हे वीजजोडणीच्या मंजुरीवर अवलंबून, आणि मंजुरीसाठीची पाहणी ओटा तयार असण्यावर अवलंबून, अशा गोल फेऱ्यात नोव्हेंबर गेला. दोष मालकाचा आणि त्याच्या वतीने बसलेल्या माझा होता; दोन कंपन्यांमधले सांधे शोधताना मालक आणि त्या दोघी यांच्यातील सांधा आम्ही मोजलाच नव्हता. हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल उभारताना मालक कंपनीने बरीचशी जोखीम स्वतःकडे घेऊन कंत्राटदारांशी सहकार्याचा करार केला होता आणि इमारत वेळेत झाली. तरी २००८ च्या मार्चमध्ये ते सुरू झाले त्या दिवशी सामान हाताळणीचा पुरता बोजवारा उडाला, कारण बांधणारे आणि चालवणारे यांच्यातील जुळणी कच्ची राहिली होती. आमच्या खोल्या जानेवारीत डिझेल जनरेटरवर सुरू झाल्या आणि पहिला माल त्याच विजेवर थंड झाला. डिझेलचा खर्च मालकाने सोसला. त्यावर कोणी वाद घातला नाही.

त्या दोन कंपन्यांनी त्यानंतर एकत्र काम घेतलेले नाही. पुढच्या एका निविदेत त्यांचे दर जुळले नाहीत, एवढेच कारण दोघेही सांगतात, आणि ते मला खरे वाटते. स्थापत्य कंपनीने मात्र सांध्यांची यादी आपल्या प्रत्येक संयुक्त करारासोबत परिशिष्ट म्हणून जोडायला सुरुवात केली आहे, वीजजोडणीची ओळ सर्वांत वर ठेवून.

दोषनिवारणाच्या मुदतीत, जूनच्या पहिल्या जोरदार सरीला पॅकहाउसच्या उत्तर बाजूला पाणी गळू लागले. विटांचा पॅरापेट आणि पत्र्याचे छत जिथे भेटतात तिथली पट्टी सुटली होती. यादीतील चौदावा सांधा. धनी सांगाडा कंपनी, तपासनीस स्थापत्य कंपनी. मी दोघांनाही एकच निरोप पाठवला. सकाळी पोहोचलो तेव्हा दोन्ही कंपन्यांची माणसे छतावर होती, एकाच्या हातात सीलंटची बंदूक आणि दुसऱ्याच्या हातात गिलाव्याची थापी. दुपारी गळती थांबली. सत्तर-तीसचे देयक अजून आलेले नाही.